संगणकाला कोमल गंधार कसा कळतो?

पेटी वाजवता येते, संगणकावर मराठी टंकलेखनही येते, आणि तरी भूपातला एक साधा पलटा टंकित करायला बसले की अर्धा तास निघून जातो. स्वरांची अक्षरे तर सातच. मग घोडे अडते कुठे? एखादे टिंब जागेवर बसत नाही, कोमल स्वराखालची रेघ पुढच्या अक्षरापर्यंत धावते, समेची खूण छापताना दुसऱ्याच मात्रेवर सरकते. वैतागून आपण कागद घेतो आणि हाताने लिहितो. या अडचणीच्या मागे काय आहे ते समजून घेतले तर निम्मा त्रास वाचतो. शिवाय त्यात गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनाही वर्गात नेण्याजोगे बरेच काही आहे.

आधी एवढा खटाटोप कशासाठी, ते पाहू. नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्याचे उदाहरण घ्या. पेंच नदीच्या अंगाचा, रामटेकला लागून असलेला हा भाग. विदर्भातल्या इतर खेड्यांप्रमाणे इथेही खंजिरीवर भजने म्हणणारी मंडळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) भजने पुस्तकात छापलेली मिळतात. पण पुस्तकात मिळतात ते शब्द. चाल असते म्हणणाऱ्याच्या गळ्यात, आणि ती गावागणिक थोडी बदलते. समजा, पारशिवनीतल्या एखाद्या शिक्षकाने किंवा अकरावीतल्या विद्यार्थिनीने गावातल्या वयस्कर बुवांकडून अशी चाल ऐकून संगणकावर लिहून ठेवली. वीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला तीच चाल म्हणता येईल का? हा प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

आलेख आणि तक्ता

पाश्चात्त्य संगीतात पाच रेघांवर काळे-पांढरे ठिपके मांडतात. आपण ते पाहून बिचकतो, पण गणिताच्या शिक्षकाने ते चटकन ओळखावे असे चित्र आहे, कारण तो चक्क आलेख आहे. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर स्वराची उंची. ठिपका जितका वर तितका स्वर उंच. फक्त उभा अक्ष समान भागांचा नाही. रेघ आणि तिच्या वरची मोकळी जागा यांत कधी एका पट्टीचे अंतर असते, कधी दोन पट्ट्यांचे.

आपली स्वरलिपी हा तक्ता आहे. एका मात्रेला एक चौकट, तालाच्या विभागाला एक उभी रेघ, एका आवर्तनाला एक ओळ. त्रितालात सोळा चौकटी, चारचारचे चार गट. भूपातला पलटा असा दिसेल :

सा रे ग प | ग प ध सां | सां ध प ग | प ग रे सा

तालाच्या खुणा वरच्या किंवा खालच्या ओळीत, त्या त्या मात्रेच्या बरोबर समोर. शब्द असतील तर स्वरांच्या ओळीखाली त्यांची वेगळी ओळ, आणि अक्षर लांबवायचे असेल तिथे ऽ ही खूण. तक्त्याचा फायदा असा की गुरुजींनी फळ्यावर लिहिलेले पोर वहीत जसेच्या तसे उतरवू शकते. त्याला चित्रकला यावी लागत नाही.

आज आपण जी लिपी सर्रास वापरतो ती पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांची. मुंबईचे हे गृहस्थ पेशाने वकील. ठिकठिकाणच्या गायकांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापल्या. त्यांच्या खुणा थोडक्यात अशा : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. एका मात्रेत अनेक स्वर असतील तर त्यांच्याखाली कमान. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना २, ३ असे आकडे.

त्याच काळात दुसरे विष्णु, पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१), वेगळी लिपी वापरत होते. कुरुंदवाडला जन्मलेल्या पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या पद्धतीत कोमल स्वराला पाय मोडल्याची खूण, समेला १ आणि खालीला + असे चिन्ह येते. इथवर ठीक आहे. खरी गंमत पुढे आहे. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि डोक्यावरची उभी रेघ तार सप्तक! म्हणजे 'नी'वरचे तेच टिंब एका पुस्तकात वरच्या सप्तकाचे, तर दुसऱ्यात खालच्या. म॑ असे लिहिले तर भातखंडे पद्धतीत तो तीव्र मध्यम आणि पलुस्कर पद्धतीत तार सप्तकातला शुद्ध मध्यम. कोणती पद्धत वापरली हे वर लिहिलेले नसेल तर वाचणारा फसणारच. माणूस निदान चाल कानाने ओळखून दुरुस्त करतो. संगणकाला कान नाही.

आकडे, फक्त आकडे

मग संगणकाजवळ काय असते? इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड संगणकाला जोडून आपण एक पट्टी दाबली की त्याच्याकडे आवाज जात नाही, आकडे जातात. कोणती पट्टी, किती जोराने दाबली, केव्हा दाबली, केव्हा सोडली. आकड्यांची ही बोली 'मिडी' नावाने ओळखली जाते. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून ती १९८३ साली ठरली, आणि आजही संगीताचे बहुतेक सॉफ्टवेअर तीच बोलते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असे पुढे. एक क्रमांक वाढला की कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट होते. बारा वेळा अशी पट केली की बरोबर दुप्पट, म्हणजे वरचे सप्तक. विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरवर करून पाहायला सांगा.

इथे आपल्या सरगमचा एक मोठा गुण दिसतो. आपला सा कुठल्याही पट्टीवर बसतो. सा शून्य धरला तर कोमल रे १, शुद्ध रे २, कोमल ग ३, शुद्ध ग ४, शुद्ध म ५, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, शुद्ध ध ९, कोमल नि १०, शुद्ध नि ११. मंद्र सप्तकासाठी १२ वजा करायचे, तार सप्तकासाठी १२ मिळवायचे. यात साच्या पट्टीचा क्रमांक मिळवला की मिडीचा क्रमांक तयार. सगळे स्वरलेखन एका बेरजेवर चालते.

हे शाळेत कसे उपयोगी पडते पाहा. नागपूरचे कवी राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले महाराष्ट्रगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले. शाळांमधून ते म्हटले जाते. ध्वनिमुद्रणातली पट्टी पाचवीच्या मुलांच्या गळ्याला सोयीची असेलच असे नाही. सरगममध्ये लिहून घेतले असेल तर कागदावरचे एकही अक्षर बदलावे लागत नाही, वर 'सा = काळी एक' ऐवजी 'सा = काळी तीन' एवढे लिहायचे. पाच रेघांवर लिहिले असेल तर प्रत्येक ठिपका हलवावा लागतो. ते काम संगणक क्षणात करतो हे खरे, पण काळी एक हा सा घेतला की रेघांच्या सुरुवातीला सात शार्पच्या खुणांची माळ लागते आणि मुले पुन्हा बिचकतात.

तीव्र षड्ज नावाचे भूत

आता एक प्रयोग. स्वरलेखनाचा कोणताही प्रोग्रॅम घ्या. म्यूझस्कोर हा फुकट मिळतो, तो चालेल. पांढरी एक हा सा धरून कीबोर्डवर भैरव वाजवा : सा रे॒ ग म प ध॒ नि सां. पाच रेघांवर काय उमटते ते बघा. कोमल रिषभाच्या जागी अनेकदा सी शार्प आणि कोमल धैवताच्या जागी जी शार्प आलेले दिसेल. आपल्या भाषेत सांगायचे तर संगणकाने 'तीव्र सा' आणि 'तीव्र प' लिहिले. पहिल्या परीक्षेचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की सा आणि प अचल आहेत, ते तीव्र होतच नाहीत.

संगणक चुकला का? आवाज काढायला सांगा, तो बरोबर भैरव वाजवील. त्याच्याकडे फक्त ६१ हा आकडा आला होता. ६१ हा कोमल रिषभ की चढवलेला षड्ज, हे आकड्यात नसतेच. प्रोग्रॅमने अंदाज केला, आणि तो अंदाज पाश्चात्त्य सवयीचा होता. मराठीत 'मान' हा शब्द कानावर पडला तर गळ्याखालची मान की आदर, हे आपण संदर्भाने ठरवतो. रागाचा संदर्भ संगणकाला कोणी दिलेलाच नसतो.

तो देण्याची एक सोय असते. ओळीच्या सुरुवातीला, कोणते स्वर कायमचे कोमल किंवा तीव्र, त्याच्या खुणा मांडतात. पण पाश्चात्त्य रिवाजात या खुणांचा क्रम ठरलेला आहे. पांढरी एक हा सा धरला तर उतरवलेल्या स्वरांचा क्रम आधी नि, मग ग, मग ध, मग रे. एकही खूण नाही तो आपला बिलावल थाट. एक खूण (नि) म्हणजे खमाज, दोन (नि, ग) म्हणजे काफी, तीन (नि, ग, ध) म्हणजे आसावरी, चार (नि, ग, ध, रे) म्हणजे भैरवी. चढवलेल्या स्वरांत पहिला म, म्हणजे कल्याण. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी हे सहा पाश्चात्त्य साच्यात अलगद बसतात. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, बसत नाहीत. भैरवात रे कोमल आहे पण नि आणि ग शुद्ध, आणि रिवाजाप्रमाणे नि-ग-ध यांना ओलांडून रेपर्यंत जाता येत नाही. म्हणून या चार थाटांसाठी प्रोग्रॅममधली 'स्वतःची खूण तयार करा' ही सोय शोधावी लागते. म्यूझस्कोरमध्ये ती आहे. एकदा तयार केली की भैरवातले सी शार्पचे भूत बहुधा उतरते. उरलेच तर त्या स्वराचे नाव हाताने बदलता येते.

मला स्वतःला हा भाग फार आवडतो. थाट पाठ करून कंटाळलेल्या मुलांना सहा आणि चार अशी ही विभागणी स्वतः शोधून काढायला सांगावी.

मात्रेचे तुकडे

उंचीचे झाले, आता काळाचे. संगणक मात्रेचे बारीक तुकडे करतो. अनेक प्रोग्रॅम एका मात्रेचे ४८० तुकडे धरतात. मिनिटाला साठ मात्रांची लय असेल तर एक तुकडा सुमारे दोन हजारांश सेकंदाचा. आपला हात एवढा काटेकोर नसतो. सेकंदाच्या विसाव्या भागाने उशीर झाला की स्वर २४ तुकडे पुढे पडतो. ऐकणाऱ्याला काही जाणवत नाही, पण संगणक प्रामाणिकपणे ते लिहायला गेला तर प्रत्येक स्वराआधी एक चिमुकला विराम आणि मागे जोडलेली शेपटी दिसते. पान मुंग्या फिरल्यासारखे होते.

यावर उपाय म्हणजे जवळच्या ठरावीक तुकड्यावर स्वर सरकवणे. इथे प्रोग्रॅमला विचारावे लागते की वाजलेली मूळ वेळ बदलायची, की ती तशीच ठेवून फक्त पानावर दिसणारी वेळ बदलायची? क्यूबेस, लॉजिक यांसारख्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा पर्याय असतो. लोकसंगीताच्या नोंदीसाठी तोच घ्यावा. बुवांच्या भजनातला ठेका जरा मागे रेंगाळत असेल तर ते रेंगाळणे चालीचाच भाग असते. कागदावर ते न लिहिता चालेल, पण नोंदीतून पुसले जाऊ नये.

सरकवण्यात एक खड्डा आहे. पाव मात्रेवर, म्हणजे १२० तुकड्यांच्या पटीत सरकवायला सांगितले, आणि गाण्यात एका मात्रेत तीन स्वर असले तर? ते ०, १६० आणि ३२० वर पडायला हवेत. जवळची १२०ची पट शोधली तर ०, १२० आणि ३६० अशी त्यांची जागा ठरते. तिगुनीची सरळ चाल लंगडी होते. म्हणून आधी चालीत दोनाचे भाग आहेत की तिनाचे ते कानाने ठरवावे आणि मग प्रोग्रॅमला सांगावे. ४८० हा आकडा निवडला आहे तो २, ३, ४, ५, ६, ८ या सगळ्यांनी भाग जातो म्हणून. ७ने मात्र जात नाही. एका मात्रेत सात स्वर घेणाऱ्या लयकारीत प्रत्येकाला ६८ तुकडे दिले तर ४ उरतात. ते कुणाला द्यायचे, हा लसावि-मसाविच्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

मींडेबद्दल थोडक्यात. दोन पट्ट्यांमधला आवाज पट्टीच्या क्रमांकात सांगता येत नाही. त्यासाठी मिडीत स्वर वाकवण्याचा एक वेगळा आकडा आहे, ० ते १६३८३ पर्यंतचा, आणि मधला ८१९२ म्हणजे न वाकवलेला. तो ऐकू येतो, पण पानावर आपोआप कमान काढत नाही. कमान हाताने काढावी लागते.

पानावर मांडणी

आता पानाकडे येऊ. पाच रेघांच्या लेखनात दुप्पट लांबीच्या स्वराला दुप्पट जागा देत नाहीत, साधारण दीडपट देतात, आणि तेवढ्याने डोळ्याला ते बरोबर वाटते. प्रोग्रॅम हे स्वतः करतो. आपल्या तक्त्यात मात्र प्रत्येक मात्रेला सारखी जागा हवी, नाहीतर सम आणि खाली ओळीओळींत एकाखाली एक येत नाहीत.

थोडा हिशोब करा. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर समास सोडला तर १७ उरले. त्रितालाच्या १६ मात्रा म्हणजे मात्रेला जेमतेम एक सेंटिमीटर. त्यात 'सा' छान बसतो, पण तानेतले 'सारेगम' बसणार नाही. कागद आडवा केला तर २५.७ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे मात्रेला १.६. तेही कमी पडले तर अक्षर बारीक करत बसू नका. शेवटच्या बाकावरून वाचता येणार नाही. आवर्तन आठ-आठ मात्रांच्या दोन ओळींत तोडा, आणि तोड नेहमी खालीवर घ्या.

त्रितालातल्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. मग ओळ कुठून सुरू करायची? आपली पुस्तके सरळ खालीपासून ओळ सुरू करतात आणि समेची फुली ओळीच्या मध्यावर घालतात. गाणाऱ्याच्या सोयीचे तेच आहे. संगणकाला मात्र पहिली चौकट म्हणजे पहिली मात्रा वाटते. पाश्चात्त्य प्रोग्रॅममध्ये पहिला विभाग अपुरा आहे असे आधी सांगावे लागते, नाहीतर सगळी बंदिश आठ मात्रांनी सरकते आणि तबल्याची सम भलत्याच अक्षरावर पडते.

ओळींमधले अंतरही नेहमीपेक्षा वाढवा. स्वराच्या डोक्यावर टिंब, उभी रेघ, कण स्वराचे बारीक अक्षर, आणि पायाशी टिंब, आडवी रेघ, कमान एवढी गर्दी असते. पत्र टंकित करताना जे अंतर चालते त्यात या खुणा एकमेकींवर चढतात.

रेघ नेमकी कशाची?

राहिला सगळ्यात नाजूक भाग. कोमल स्वराखालची रेघ कशी काढायची? बहुतेक जण अक्षर निवडतात आणि अधोरेखित करतात. पानावर अगदी बरोबर दिसते. पण अधोरेखन ही अक्षराची सजावट आहे. ते अक्षर नाही. हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, किंवा साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवला, की सजावट गळून पडते. भैरवीचे रे, ग, ध, नि चारही कोमल. अधोरेखने गेली की उरतात सात शुद्ध स्वर. पारशिवनीहून भैरवी निघाली आणि नागपूरला बिलावल पोहोचला! कुठे काही बिघडले याची कुणाला शंकाही येत नाही, कारण अक्षरे सगळी जागच्या जागी असतात.

१९९०च्या दशकातल्या फॉन्टांची गोष्ट आणखी वाईट. त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. फॉन्ट असेपर्यंत सगळे ठीक. तो नसला की जुन्या प्रश्नपत्रिका उघडताना जी रोमन खिचडी दिसते ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. स्वरलिपीच्या फाइलींचेही तेच झाले.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि खुणेला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो फॉन्ट बदलला तरी बदलत नाही. आता योगायोग पाहा. ऋग्वेदाच्या छापील प्रतींत स्वराघात दाखवायला अक्षराखाली आडवी रेघ आणि डोक्यावर उभी रेघ देतात. या दोन्ही खुणा युनिकोडच्या देवनागरी विभागात आहेत. आडवी ०९५२, तिचे नाव अनुदात्त. उभी ०९५१, तिचे नाव उदात्त, जरी ऋग्वेदाच्या प्रतींत ती स्वरित दाखवते. (हे क्रमांक सोळाच्या पायावरचे आहेत.) दिसायला या अगदी भातखंड्यांच्या कोमल आणि तीव्र खुणा. याच लेखात रे॒, ध॒ आणि म॑ छापले आहेत ते त्याच वापरून. ही रेघ अक्षराबरोबर प्रवास करते. कुठेही चिकटवा, भैरवी भैरवीच राहते.

सप्तकाची टिंबे मात्र उसनी घ्यावी लागतात. वरच्या टिंबासाठी अनुस्वार, खालच्यासाठी उर्दू शब्दांत वापरतो तो नुक्ता. दिसायला काम होते. पण 'सां' वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तार षड्ज म्हणणार नाही, 'साम्' म्हणेल. शिवाय खुणांचा क्रम सांभाळावा लागतो. दरबारीतला मंद्र कोमल धैवत घ्या : ध़॒. आधी ध, मग नुक्ता, मग आडवी रेघ. मंद्र कोमल निषादात नुक्ता 'न'ला लागून येतो, ऱ्हस्व वेलांटी त्यानंतर आणि रेघ शेवटी. कोणी एका क्रमाने आणि कोणी दुसऱ्या क्रमाने टंकित केले तर पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही.

फाइल किती वर्षे जगते?

फिनाले हा स्वरलेखनाचा एक नावाजलेला प्रोग्रॅम. १९८८ साली आला, जगभर संगीतकारांनी वापरला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्याचा पुढचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. पस्तीस वर्षांच्या फाइली ज्यांच्याकडे होत्या त्यांना कंपनीनेच सल्ला दिला की त्या 'म्यूझिकएक्सएमएल' या खुल्या रूपात उतरवून ठेवा. हे रूप २००४ साली पहिल्यांदा पक्के झाले. बरेच स्वरलेखनाचे प्रोग्रॅम ते वाचतात. मिडीपेक्षा त्यात एक मोठी सोय आहे : स्वराचे नाव, ते चढवले की उतरवले, आणि सप्तक, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या जातात. म्हणजे कोमल रिषभ कोमल रिषभ म्हणूनच राहतो, त्याचा ६१ होत नाही. आतला मजकूर साधा असतो. उद्या कोणताच प्रोग्रॅम उरला नाही तरी माणसाला तो डोळ्यांनी वाचता येईल.

पण भातखंडे लिपीतला तक्ता त्यातून आपोआप निघत नाही, हेही खरे. म्हणून शाळेत काम करताना मी दोन प्रती ठेवायला सांगेन. एक वाचण्याची : तक्ता, मोठ्या अक्षरात, खुणांसह, पीडीएफ करून. दुसरी नोंदीची : एक्सेलसारख्या साध्या तक्त्यात प्रत्येक स्वराला एक ओळ. स्तंभ पाच पुरे. आवर्तन, मात्रा, स्वर, प्रकार, सप्तक. 'ग, कोमल, मंद्र' असे शब्दांत लिहिलेले कोणत्याही फॉन्टात आणि कोणत्याही पद्धतीत टिकते. एका मात्रेत चार स्वर असतील तर मात्रेच्या स्तंभात ५, ५.२५, ५.५, ५.७५ असे लिहावे. मींड, कण यांच्यासाठी शेवटी एक शेऱ्याचा स्तंभ ठेवला तर बरे. या नोंदीवरून वाचण्याची प्रत पुन्हा केव्हाही करता येते. उलट दिशेने, सजवलेल्या पानावरून नोंद काढणे, फार कष्टाचे आहे.

दोन्ही प्रतींच्या डोक्यावर चार गोष्टी लिहा : सा कोणती पट्टी, ताल आणि पहिला स्वर कोणत्या मात्रेवर, लय मिनिटाला किती मात्रा, आणि खुणा भातखंडे पद्धतीच्या की पलुस्कर पद्धतीच्या. म्हणणाऱ्याची परवानगी असेल तर गाव आणि तारीख घाला, आणि मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण त्याच नावाने शेजारी ठेवा. स्वरलिपीत न मावलेले बरेच काही त्यात सापडते.

सुरुवात लहान करावी. आठवी-नववीच्या गटाला चार आवर्तनांची एखादी ओळखीची चाल द्या. निम्म्या मुलांनी ऐकून तक्ता लिहावा, निम्म्यांनी पाच स्तंभांची नोंद करावी. मग वह्यांची अदलाबदल करून प्रत्येकाने दुसऱ्याचे लिखाण पेटीवर वाजवावे, मूळ चाल पुन्हा न ऐकता. कुठे अडले, कोणता कोमल शुद्ध झाला, कोणाची सम सरकली, त्याची यादी फळ्यावर करा. संगणक नंतर लावला तरी चालेल.